सत्तावीस नंबरची उघडी नळी

समजा, जिना चढून गेल्यावर जे कपाट लागतं, त्यात तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात. टॉवेल आणि चादरी बाहेर काढून ठेवल्या आहेत. समोर गरम पाण्याचा तांब्याचा उंच हंडा आहे. खालच्या स्वयंपाकघरातल्या बॉयलरकडून एक जाड नळी भिंतीतून वर आली आहे, आणि तिच्यावर हातभर जागेत तुम्हाला तीन गोष्टी जोडायच्या आहेत. पहिली, उघडी नळी. ती माळ्यावर जाते आणि तिथल्या छोट्या टाकीवर छत्रीच्या मुठीसारखी वाकते. तिचं तोंड कायम उघडं असतं. पाणी फार तापलं, वाफ झाली, तर तिला सुटायला वाट हवी म्हणून. दुसरी, थंड नळी. ती त्याच टाकीतून खाली उतरते आणि खोल्या तापवणारे घरातले सगळे रेडिएटर पाण्याने भरलेले ठेवते. तिसरा, पंप. आता सांगा, आधी काय जोडाल?

तीन गोष्टी म्हणजे सहा प्रकार. मला कॉलेजात एकच शिकवला: आधी उघडी नळी, तिला लागूनच थंड नळी, आणि मग पंप. क्रम चुकून पंप त्या दोघींच्या मधे बसला, तर तो पाणी घरभर फिरवायच्या ऐवजी उघड्या नळीतून वर माळ्यावरच्या टाकीत फेकतो. फेकलेलं पाणी हवा घेऊन परत खाली येतं. हवेने रेडिएटर आतून गंजतात, गंज काळा होऊन शाईसारखा पाण्यात फिरतो, आणि दोन-तीन हिवाळ्यांत रेडिएटर वर कोमट, खाली गार. आमच्या धंद्यात याला 'घर ओकतंय' असं म्हणतात.

विल्फ बॅरक्लफने आयुष्यभर आधी थंड नळी, मग पंप, मग उघडी नळी असंच जोडलं. पंप बरोब्बर मधे.

उत्तर इंग्लंडच्या एका दरीतल्या टॉडमॉर्डनमध्ये कालव्याच्या पुलाजवळ नळ्या-जोडांचं एक दुकान आहे. सकाळी साडेसातला गावातले सगळे प्लंबर तिथल्या काउंटरच्या फळीला टेकून चहा पितात, बेकन घातलेला पाव खातात आणि एकमेकांच्या कामाची सालटी काढतात. विल्फ चौऱ्याहत्तर वर्षांचा, काम सोडून नऊ वर्षं झालेली, तरी रोज यायचा. आणि रोज तेच व्हायचं.

"ए कॉलेज," ब्रेंडन क्रॅबट्री मला हाक मारायचा. मी त्याच्याकडे काम करते. माझं नाव त्याने दोन वर्षांत एकदाही घेतलेलं नाही. "व्ही-सी-पी म्हणजे काय गं?"

"व्हेंट, कोल्ड, पंप."

"चूक. व्हेरी क्रॅक पेन्शनर. तो बघ, आलाच."

सगळे हसायचे. विल्फ टोपी काढून फळीवर ठेवायचा. "ब्रेंडन, तुझं तोंड म्हणजे खरी उघडी नळी. जन्मात बंद नाही."

"पण ओकत तर नाही ना?"

पुन्हा हसणं. विल्फ चहा घ्यायचा. त्याची नजर चुकून कधी फळीच्या मागच्या भिंतीवर गेली, तर तो ती लगेच परत आणायचा.

त्या भिंतीवर अकरा खिळे होते. दहा खिळ्यांवर तांब्याच्या नळीचे कापलेले दहा तुकडे लटकत होते, प्रत्येकाखाली खडूने घराचा नंबर: सात, नऊ, अकरा, असे पंचविसापर्यंत. तुकडे आतून काळे होते, जळक्या लापशीने निम्मे भरल्यासारखे. अकराव्या खिळ्याखाली सत्तावीस लिहिलं होतं. तो खिळा रिकामा होता.

हे अकरा नंबर फर्नली टेरेसचे. एका रांगेतली, एकमेकांना चिकटलेली घरं. एकोणऐंशी साली विल्फने त्या सगळ्यांत एका उन्हाळ्यात रेडिएटर बसवले. तेव्हा तो छत्तिशीत होता आणि दरीतला सगळ्यात मोठा प्लंबर होता. त्याच्या क्रमामागे त्याचा विचार होता, आणि तो ऐकायला मूर्खपणाचा वाटत नाही. थंड नळी पंपाच्या आधी, म्हणजे पंप कधी कोरडा पडणार नाही. उघडी नळी पंपाच्या नंतर, म्हणजे पंप हवा पुढे ढकलेल आणि हवा वरच्या वर निघून जाईल. कागदावर काढलं तर पटतं. पाण्याला कागद वाचता येत नाही.

दुसरं कारण त्याच्या वडिलांचं. ते सूतगिरणीत बॉयलरवर होते. एकदा वाफेची झडप अडकली आणि जोड फुटला. वडिलांना घरी आणलं तेव्हा विल्फ दहा वर्षांचा होता. आईने त्याला शर्ट काढायला हात लावायला सांगितलं. शर्ट निघाला, पाठीची कातडी घेऊन निघाला. तेव्हापासून विल्फ म्हणायचा, नळ्यांत काहीही चुको, वाफेची वाट चुकता कामा नये. ती पंपाच्या पुढे हवी, ढकलून मोकळी ठेवलेली.

तो तेव्हा भला माणूस होता असं मात्र समजू नका. ब्रेंडन क्रॅबट्री त्याचा भागीदार होता, चोवीस वर्षांचा, नुकतं लग्न झालेला. त्र्याऐंशी साली ब्रेंडनने एका घरात नळ्या पुस्तकाप्रमाणे जोडल्या. काम संपलं होतं, घरमालकीण त्याला चहा देत होती. विल्फ आला, कपाट उघडून पाहिलं आणि म्हणाला, "हे प्लंबिंग नाही, गटार आहे." पिशवीतून करवत काढली आणि तिच्यादेखत नळी कापली. पाणी बंद न करता. वर्षभरापूर्वी घातलेल्या गालिच्यावर छत गळायला लागलं, तेव्हा बाईने ब्रेंडनला घराबाहेर काढलं. विल्फला नाही, विल्फ नावाजलेला होता. पुढची दोन वर्षं ब्रेंडनला दरीत कुणी उभं केलं नाही. आणि विल्फ ही गोष्ट रोज सकाळी याच फळीला टेकून सांगायचा. पाणी कसं पडलं, ब्रेंडनचं तोंड कसं झालं, हातवारे करून.

मग टेरेसमधली घरं ओकायला लागली. आधी तेरा नंबर, मग एकवीस. विल्फ म्हणाला पंप वाईट निघाले. मग म्हणाला इथलं पाणीच वाईट. लोकांनी ब्रेंडनला बोलावलं. ब्रेंडनने एकेक घर बरोबर केलं, आणि प्रत्येक घरातून तो पंपाजवळचा जोड कापून आणला आणि दुकानाच्या भिंतीवर खिळा मारून टांगला. पंधरा वर्षांत दहा. हसण्याची बाजू केव्हा बदलली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

विल्फच्या स्वतःच्या घरात अजूनही ऊब म्हणून एक गॅसची शेगडीच आहे, बैठकीत. बायको ईनिड म्हणायची, निदान झोपायच्या खोलीत एक रेडिएटर बसव. नऊ वर्षं म्हणाली. तो कपाटासमोर बसायचा, खडूने भिंतीवर क्रम लिहायचा, पुसायचा. आपल्या क्रमाने करायची हिंमत नाही, ब्रेंडनच्या क्रमाने करायची लाज. ईनिड शेवटी समुद्रकाठी मॉरकमला बहिणीकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, "तिथे पाय गार पडत नाहीत."

पण सत्तावीस नंबर ओकला नाही.

रांगेतलं शेवटचं घर, ऑग्डनबाईंचं. तीच नळी, तोच पंप, तोच उलटा क्रम. अडतीस वर्षं घर भट्टीसारखं गरम. विल्फचं म्हणणं साधं होतं: शेवटच्या घराचं छप्पर बाकीच्यांपेक्षा उंच आहे, म्हणून मी उघडी नळी पार आढ्यापर्यंत नेली. पंपाचं ढकलणं तिथवर पोचतच नाही. म्हणजे क्रम चुकीचा नव्हता, बाकीच्या घरांची उंची कमी पडली.

ब्रेंडनचं म्हणणं त्याहून साधं. "आढ्यापर्यंत नेली म्हणून नाही रे, गच्च भरली म्हणून ओकत नाही. बूच बसलंय. अडतीस वर्षं त्या म्हातारीच्या पलंगावर तू बॉम्ब टांगून ठेवलायस."

दोन्ही शक्य होतं. मी गणित मांडून पाहिलं आहे. पंप सगळ्यात हळू वेगावर ठेवला आणि नळी तेवढी उंच नेली, तर विल्फ बरोबर. जोडावर गाळ साचून नळी बंद झाली, तर ब्रेंडन बरोबर, आणि मग ज्या दिवशी बॉयलरचं तापमान आवरणारं बटण बिघडेल त्या दिवशी वाफेला वाट नाही.

आणि हे ठरवायला एक सेकंद पुरतो. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही. पण आत लोखंडाचा काळा गाळ भरला असेल तर बाहेरून चिकटतो. प्रत्येक प्लंबरच्या पिशवीत चुंबक असतो. विल्फच्या कोटाच्या खिशात होता, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, लाल रंग उडालेला.

दर ऑक्टोबरमध्ये तो ऑग्डनबाईंकडे जायचा. रेडिएटरवरून हात फिरवायचा, चहा घ्यायचा, त्या आल्याच्या केकचा तुकडा द्यायच्या.

"मिस्टर बॅरक्लफ, तुमच्यामुळे माझी हाडं शाबूत आहेत हो. शेजारी बघा, सारखे कुणाला ना कुणाला बोलावतात."

"त्यांची छपरं बुटकी, बाई."

मग तो जिना चढायचा, कपाटासमोर उभा राहायचा, खिशातल्या चुंबकावर मूठ आवळायचा आणि खाली उतरायचा. अडतीस वर्षांत त्याने तो चुंबक एकदाही नळीला लावला नाही. हे मला त्यानेच सांगितलं, पण नंतर.

शेवटच्या दोन हिवाळ्यांत बाई म्हणायला लागल्या, "रात्री नळ्यांत कुणीतरी टकटक करतं."

"तांबं तापलं की ताणतं, बाई. घर म्हातारं झालंय."

"मीही झालेय. मी कुठे टकटक करते?"

दोघं हसले. तो चुंबक खिशातच ठेवून घरी आला.

बाई दोन हजार सतराच्या मार्चमध्ये वारल्या, वृद्धाश्रमात, न्यूमोनियाने. नळ्यांचा काही संबंध नाही. घर विकलं गेलं. नव्या मालकांना हंडा, टाकी, कपाट काही नको होतं. भिंतीवर एक पांढरी पेटी हवी होती, जी लागेल तेव्हा पाणी तापवते. काम ब्रेंडनला मिळालं, म्हणजे मला.

दुपारी मी गाडीत डबा खात होते, तेव्हा विल्फने काचेवर टकटक केलं.

"पोरी, सत्तावीस तू उतरवणार म्हणे."

"हो. गुरुवारी."

"कापायच्या आधी मला येऊ दे. काही बोलणार नाही, मधे येणार नाही. आधी चुंबक लावणार, मग तू कापलीस की नळी डोळ्याला लावून बघणार. पलीकडचा उजेड दिसला की झालं."

"आणि नाही दिसला तर?"

"तर त्या टकटकीला मी काय उत्तर दिलं ते मला कळेल."

मी म्हटलं, "गुरुवारी दहाला या. तुमच्या आधी हात लावणार नाही. शब्द देते."

मंगळवारी ब्रेंडन म्हणाला, "सत्तावीस उद्या उरकायचं."

"मी विल्फना गुरुवार सांगितलाय."

"म्हणूनच उद्या." तो इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. "ऐक, काय करणार आहे ते ऐक." आणि त्याने बेत सांगितला. मी हसले. हे लपवण्यात अर्थ नाही. बेत ऐकून मला हसू आलं होतं.

बुधवारी मी पाणी सोडलं. नळाला रबरी नळी लावून तिचं टोक बाहेरच्या गटारात टाकलं, झाकण लावलं आणि आत आले. पाणी काळं होतं की स्वच्छ, हे गटाराला माहीत. कपाटात रेडिओ चालू होता. मी पंपाच्या वर कापलं, हातभर अंतरावर परत कापलं, तुकडा घेऊन जिना उतरले आणि स्वयंपाकघरात ब्रेंडनच्या हातात दिला. त्याने तो फडक्यात गुंडाळला. त्यात डोकावून बघायचं मला सुचलं नाही. बाराच्या आत पेटी बसवायची होती.

गुरुवारी दहाला विल्फ फर्नली टेरेसला गेला. गळ्याला टाय लावून, खिशात चुंबक आणि एक टॉर्च घेऊन. नव्या मालकिणीने दार उघडलं आणि सांगितलं, काम काल झालं. त्याने विचारलं, कपाट बघू का? ती चांगली बाई, तिने वर नेलं. कपाटात बुटांची मांडणी लागली होती. तो बुटांकडे बघत बराच वेळ उभा राहिला, असं तिने मला पुढे सांगितलं. तिला वाटलं, कुणाचे तरी नातेवाईक असावेत.

शुक्रवारी सकाळी दुकानात नेहमीपेक्षा दुप्पट माणसं होती. विल्फ आला तसा सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. ब्रेंडनने फळीखालून लाकडी फळकूट काढलं. त्यावर सत्तावीस नंबरचा तुकडा बसवला होता, पंपाच्या वरचा, उघड्या नळीच्या फाट्यासकट. झळझळीत. आरशासारखा. खाली पितळेच्या पट्टीवर कोरलं होतं: व्हेरी क्रॅक पेन्शनर, १९७९ ते २०१७.

"घे विल्फ. तुझा अकरावा. दहा काळे, एक सोन्याचा."

"भाषण! भाषण!" मागून कुणीतरी ओरडलं.

विल्फने टोपी काढली नाही. त्याने फळकूट दोन्ही हातांनी उचललं, खिडकीकडे वळला आणि उघड्या नळीचं तोंड डोळ्याला लावलं. खिडकीतला उजेड त्याच्या डोळ्यावर गोल पडलेला मला दिसला. मग त्याने खिशातून चुंबक काढून नळीला लावला. चुंबक घसरला आणि फळीवर खणकन पडला. हसण्याने दुकान दणाणलं. एकाने तर चहा सांडला.

"कशाने चमकवली?" विल्फने विचारलं.

"ॲसिडमध्ये बुडवली, दिवसभर. मग तारेचा ब्रश घातला. कारागिरी बघ."

"बुडवायच्या आधी?"

"बुडवायच्या आधी काय?"

"बुडवायच्या आधी आरपार दिसत होतं का, ब्रेंडन?"

ब्रेंडनने चहाचा घोट घेतला, मग आणखी एक.

"विल्फ, त्र्याऐंशी साली करवत काढायच्या आधी तू मला काही विचारलं होतंस?"

"नाही."

"मग." त्याने कप खाली ठेवला. "गच्च होती. करंगळी जाईना. नशीब समज, म्हातारी पलंगात शिजली नाही."

विल्फ निघून गेला. फळकूट तिथेच राहिलं. ब्रेंडनने ते अकराव्या खिळ्याला टांगलं.

मला वाटलं आता तो यायचा नाही. सोमवारी साडेसातला तो दारात होता. ब्रेंडन हसत म्हणाला, "अरे, मनाला लावून घेतलंस? गंमत केली. मोकळी होती, बासरीसारखी." विल्फचा चेहरा असा उघडला की मला दुसरीकडे बघावं लागलं. मंगळवारी ब्रेंडन म्हणाला, "बासरी? मी म्हटलं बासरी? कोळशाची खाण होती राव." बुधवारी पुन्हा बासरी. गुरुवारी दोन्ही, पावाच्या एकेका घासाबरोबर एकेक. आता माणसं ते ऐकायला मुद्दाम लवकर येतात. कुणी कुणी पैज लावतं, आज काय निघणार.

मी एकदा ब्रेंडनला एकटं गाठलं. "खरं काय होतं?"

"सांगितलं तर तू त्याला सांगशील."

"हो."

"मग नाही."

"तुम्ही बघितलं तरी होतंत का?"

तो गाडीचं दार उघडून थांबला. "नसेन बघितलं तर? अं? ती तर आणखी मजा." आणि खरोखर पोट धरून हसला. त्याला आता अठ्ठावन्न वर्षं झाली आहेत. हसताना तो तरुण दिसतो.

काल दुपारी मी गाडीत डबा खात असताना काचेवर पुन्हा टकटक झालं. मी दार उघडलं. विल्फ शेजारच्या सीटवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. मी माफी मागायला लागले. त्याने हात हलवून थांबवलं, जसं पंप तपासताना बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला थांबवतात.

"ब्रेंडनचं सोड. तो मरेपर्यंत सांगणार नाही, आणि सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. तू डोकावून बघितलं नाहीस, ते मला माहीत आहे."

"नाही बघितलं, विल्फ. खरंच नाही."

"डोळ्यांना मी विचारतच नाही." तो माझ्या हातांकडे बघत होता. मी पाव खाली ठेवला. "हातभर तांबं मोकळं असलं तर मुलाच्या खेळण्यासारखं हलकं असतं. गाळाने भरलं की शिशासारखं. डोकं विसरतं, हात विसरत नाहीत. तू तो तुकडा घेऊन जिना उतरलीस. आठव. डाव्या बाजूला कठडा आहे. कठडा धरला होतास ना?"

मी डोळे मिटले. जिना आठवला, रेडिओवरचं गाणं आठवलं, ब्रेंडनच्या हातातलं फडकं आठवलं. मधलं काहीच नाही.

"घाई नाही," विल्फ म्हणाला. "उद्या परत येतो. तेवढंच सांग, पोरी, ती तू एका हाताने आणलीस की दोन्ही हातांनी?"